फरकाची फोड करणारे साहेब

पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही. विचारलं, "तुम्ही बहिणी किती?"

मी म्हटलं, चार.

"चौघींची उंची सारखी आहे?"

मी मुकादमाकडे पाहिलं. त्यानं मान दुसरीकडे फिरवली. मी म्हटलं, "नाही जी, कमीजास्त हाये."

"आणि शेजारच्या घरच्या पोरी?"

"त्या साऱ्याच उंच हायेत."

"म्हणजे तुम्हा बहिणींमध्ये आपसात जेवढा फरक आहे, त्याच्यापेक्षा दोन घरांमधला फरक मोठा आहे. असंच ना?"

मला काही उमगलं नाही. परका माणूस पोरीबाळींची उंची कशाला विचारतो? मी पदर ओढून हो म्हटलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बाई हुशार आहे. हिला ठेवा."

अशी मी मूर्तिजापूरजवळच्या त्या प्रयोगाच्या शेतावर कामाला लागले. आमचे हे तिथं आधीपासून फवारणीला होते. साहेब अकोल्याहून सकाळच्या गाडीनं यायचे. ते शेतीचे साहेब नव्हते, आकड्यांचे होते. कोणतं औषध मारलं तर कापूस जास्त येतो, आणि आला तो औषधानंच आला की उगाच आला, हे ठरवायचं त्यांचं काम. त्या कामाला कागदावर एक लांबलचक नाव होतं. मला ते कधी धड म्हणता आलं नाही. ते स्वतः त्याला 'फरकाची फोड' म्हणायचे. सगळा फरक आधी एकत्र मांडायचा, मग त्यातला जमिनीचा किती, औषधाचा किती, आणि कोणाच्याच नावावर टाकता येत नाही असा किती, ते वेगळं करायचं.

ते कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. काही चुकलं की ते गप्प व्हायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि वहीत लिहायचे. मुकादमाच्या शिव्या आम्ही पदराला पुसून टाकायचो, पण त्या वहीला सगळ्या बायका भीत. आपल्यावर काय लिहिलं असेल ते कळायचं नाही.

त्यांचे तीन सदरे होते. एक पांढरा, एक निळा, एक करड्या रेघांचा. रोज सकाळी ते चिठ्ठी उचलून सदरा घालत. मुकादमानं एकदा धीर करून कारण विचारलं. साहेब म्हणाले, "चांगल्या कामाच्या दिवशी माणूस चांगला सदरा घालतो. मग दिवस चांगला गेला तर तो सदऱ्यामुळे गेला की कामामुळे, हे कसं कळणार?"

शमीमबी म्हणून आमच्यातली सगळ्यात वयस्कर बाई होती. ती त्यांच्या पाठीमागे म्हणाली, "या अल्ला, याले बायको कोनं देली असन? चिठ्ठीच उचलली असन बिचारीची."

आम्ही ओटीत तोंड घालून हसलो. साहेबांनी ऐकलं असावं. जाता जाता म्हणाले, "नाही शमीमबी, तिथं मी चिठ्ठी टाकली नाही. म्हणूनच मला अजून कळत नाही दोष कोणाचा."

त्या हंगामात शेतात कपाशीचे वीस तुकडे होते. पाच पाच तुकड्यांचे चार गट. गटातल्या एका तुकड्यावर पहिलं औषध, एकावर दुसरं, एकावर निंबोळीचा अर्क, एकावर दोन्ही औषधं एकत्र करून, आणि एकावर नुसतं पाणी. पाण्याच्या तुकड्याला ते 'कोरा' म्हणत. गटात कोणतं औषध कोणत्या तुकड्यावर, ते चिठ्ठ्यांनी ठरलं, आणि चिठ्ठ्या त्यांनी मला उचलायला लावल्या. मी चौथी शिकलेली, मराठी अक्षर वाचता येतं, पण चिठ्ठ्यांवर त्यांच्या खुणा होत्या. "कोणती चिठ्ठी यावी असं तुम्हाला काही वाटतं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग तुमचा हात बरोबर आहे," म्हणाले.

तेव्हा खरंच काही वाटत नव्हतं. पुढे वाटायला लागलं.

आमचे हे एकेक औषध मारून आले तर आंघोळ करून जेवत. पण दोन्ही औषधं एकत्र मारलेल्या दिवशी त्यांच्या हाताला कापरं भरायचं. चहाची बशी ओठापर्यंत जाईना. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या व्हायच्या. एकदा भिंतीकडे पाहून म्हणाले, "दोन दोन दिवे काहून लावले?" दिवा एकच होता.

ती वर्षं आमच्या भागात वाईट होती. घरोघरी बायका औषधाच्या बाटल्या पेटीत कुलूप लावून ठेवत आणि किल्ली गळ्यात घालत. आमच्या घरी बाटली नव्हती, तरी रोज माझ्या घरात औषध यायचंच, यांच्या अंगावरून, कपड्यांतून. मी ते कपडे घराच्या मागे वेगळे धुवायची आणि धुताना श्वास धरायची. आसपासच्या सगळ्या गावांना या शेतावरूनच सांगितलं जायचं की दोन्ही औषधं मिसळून मारा. त्यामुळे प्रयोगाचे तुकडे सोडून बाकीच्या सगळ्या शेतावरही आमचे हे मिश्रणच मारायचे. आठवड्याला एकदा, कधी दोनदा.

मी साहेबांना सांगितलं. दोन दिवस मनात जुळवाजुळव करून बोलले.

ते म्हणाले, "एकाच माणसाला झालं?"

"हो जी."

"त्यांनी जेवण काय केलं होतं? ऊन किती होतं? आधी ताप होता?"

यातलं काहीच मी पाहून ठेवलं नव्हतं.

"एक नोंद म्हणजे काहीच नाही, बाई. मी खोटं म्हणत नाही. पण एका नोंदीवर मला काही म्हणता येत नाही." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "या प्रयोगातून कळेल. मिसळून मारल्यानं कापूस वाढत नसेल तर मिसळायचं कारणच उरणार नाही. तेवढं मी सिद्ध करू शकतो."

तो प्रश्न त्यांनी पेरणीच्या आधीच लिहून ठेवला होता. कोणाचा सामना कोणाशी लावायचा, हे ते आधी कागदावर लिहीत, कागद पाकिटात घालून लाखेनं बंद करत आणि पाकीट भांडारवाल्याकडे देत. त्या वेळी चार सामने होते. पाण्याचा सामना बाकी सगळ्यांशी. निंबोळीचा सामना औषधांशी. पहिल्या औषधाचा दुसऱ्याशी. आणि मिश्रणाचा सामना दोन्ही एकेकट्या औषधांशी. "पीक पाहून प्रश्न विचारणारा माणूस," ते म्हणत, "जिंकलेल्या पैलवानावर पैज लावतो."

तेव्हापासून मी त्या पाकिटाच्या आशेवर होते. यांना काम सोडा म्हटलं तर ते हसले. "मंग खाशीन काय? साहेबाच्या चिठ्ठ्या?"

पहिली वेचणी आली. चार गटांना आम्ही चार बायका, साहेबांचा नियम असा की एका गटाचे पाचही तुकडे एकीनंच वेचायचे. कोणाचा हात जलद, कोणाचा संथ. एकीनंच गट वेचला तर तिच्या हाताचा फरक त्या गटात जिरतो, औषधाच्या नावावर चढत नाही. एवढं त्यांनी सांगितलं होतं. पण एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण त्यांना ती ठाऊकच नव्हती.

आमच्याकडे वेचणीत एखादीची कमरेला बांधलेली ओटी हलकी दिसली तर शेजारीण जाता जाता आपल्या ओटीतली ओंजळ तिच्या ओटीत टाकते. कोणी मागत नाही, कोणी आभार मानत नाही. मुकादम लांबून ओट्या पाहतो. जिची ओटी रिकामी तिला बोलतो. त्याला बोलायला जागा मिळू नये म्हणून ही ओंजळ. माझी आई टाकायची, सासूही टाकायची.

आमच्यातली गोदा नुकतीच तापातून उठली होती. तिचा कोरा तुकडा पहिलाच होता. तिथं बोंडं किडलेली, घट्ट चिकटलेल्या कवड्यांतून कापूस निघेना. मुकादमानं बांधावरून हाक दिली, "गोदे, झोपली काय वं? का कापसाले लोरी गाऊन राहिली?"

मी तेव्हा माझ्या मिश्रणाच्या तुकड्यात होते. ओटी फुगलेली. मी सरीच्या शेवटी वळताना दोन ओंजळी तिच्या ओटीत टाकल्या. मग माझा कोरा तुकडा आला तेव्हा शमीमबीनं मला टाकल्या. चौथी आमची कुंता, तिनं शमीमबीला. दिवस मजेत गेला. संध्याकाळी वीस गाठोडी बांधली, प्रत्येकाला त्याच्या तुकड्याची पाटी लावली.

तोलाई दुसऱ्या दिवशी होती. माझं आकड्यांचं अक्षर चांगलं म्हणून साहेब काट्यावरून आकडा सांगत आणि मी लिहीत होते. दहावं गाठोडं झालं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर नेला. पंधरावं झालं तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. विसावं झालं आणि ते वही घेऊन भांडाराच्या ओट्यावर बसले. दुपारपर्यंत त्यांची पेन्सिल चालत होती. आम्ही लांब बसून डबे उघडले.

मग त्यांनी आम्हा चौघींना आणि मुकादमाला बोलावलं.

"मी वीस वर्षं या काळ्या जमिनीवर माप घेतो आहे," ते म्हणाले. "शेजारच्या दोन सऱ्या इथं कधी सारख्या पिकत नाहीत. आणि ही वीस गाठोडी शाळेच्या गणवेशातल्या पोरींसारखी आली आहेत. औषधाचा फरक नाही, ते एक वेळ समजू शकतो. पण जमिनीचा फरक नाही? एकच औषध मारलेले चार तुकडे आपसातही वेगळे नाहीत? असं होत नाही. कोणीतरी काहीतरी केलं आहे."

मुकादम हात जोडून म्हणाला, "साहेब, चोरी नाही झाली. एक बोंड बाहेर नाही गेलं."

"बेरजेबद्दल मी बोलत नाही. बेरीज खरीच असेल. फरक खोटा आहे."

मला तेव्हाच कळलं, आणि शमीमबीलाही कळलं, कारण तिनं माझ्या पायावर पाय ठेवला.

मला एक विचारायचं होतं आणि विचारायची भीतीही होती. तरी विचारलं. "फरक दिसला नाही, तर मिसळून मारायची गरज नाही, असंच निघते ना साहेब?"

"नाही." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "फरक नाही ही एक गोष्ट, आणि फरक दिसला नाही ही वेगळी गोष्ट. या गाठोड्यांना तर पाणी आणि औषध यांतलाही फरक दिसत नाही. आंधळ्या साक्षीदारानं सांगितलं की मिश्रणात जास्त काही नाही, तर कोण ऐकेल? वरचे म्हणतील प्रयोग फसला, जुनं आहे ते चालू ठेवा."

जुनं आहे ते चालू ठेवा. घरी जाताना वाटभर माझ्या कानात तेवढंच वाजत होतं. मी गोदाच्या ओटीत टाकलेल्या दोन ओंजळी माझ्याच माणसाच्या पाठीवर जाऊन बसल्या होत्या.

तीन दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. शमीमबी म्हणाली, "चूप बैस. सांगशीन तर चौघींचं काम जाईन. गोदाचं तर पह्यले जाईन. त्याच्या वहीत एकडाव नाव गेलं की निंगत नाही."

"पन आमच्या ह्यायचे हात..."

"माह्या पोराचेही हात हायेत. साऱ्यायचेच हात हायेत." मग तिचा आवाज उतरला. "तुले सांगाचंच असन तर माहं नाव पह्यले सांग. मी म्हातारी झाली. मले काढलं तं काढलं."

चौथ्या दिवशी मी भांडारापाशी उभी राहिले. साहेब आत लिहीत होते. मी दारातून तीनदा परतले. चौथ्यांदा त्यांनीच वर न पाहता विचारलं, "तीन फेऱ्या झाल्या. चौथी कशासाठी?"

मी सगळं एका दमात सांगितलं. ओंजळीचं, गोदाचं, माझ्या कोऱ्या तुकड्याचं. शमीमबीचं नाव सांगितलं नाही, नुसतं 'आम्ही' म्हटलं. बोलताना मी त्यांच्या पायांकडे पाहत होते. त्यांनी वेगवेगळ्या रंगाचे मोजे घातले होते. एरवी हसू आलं असतं.

त्यांनी वही उघडली. मी डोळे मिटले.

"कोणत्या तुकड्यातून कोणत्या तुकड्यात किती ओंजळी, सांगता येईल?"

"नाही जी. कोन मोजते?"

"बरोबर. कोण मोजतं." त्यांनी लिहिलं, आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, बहुधा माझ्यासाठी. "पहिली वेचणी बाद. कारण, वेचणाऱ्या बायका एकमेकींना सांभाळून घेतात. प्रयोग आखणाऱ्यानं त्यांना तुकडे वेगळे का ठेवायचे ते सांगितलं नव्हतं. चूक आखणाऱ्याची." आणि खाली सही केली.

कोणाचंही काम गेलं नाही. पण मी सुटलेही नाही. ते म्हणाले, "आता सगळी भिस्त दुसऱ्या वेचणीवर. ती खरी यायची असेल तर नवीन बोंडांवर आणखी एक फवारणी व्हायला हवी. वीसही तुकड्यांवर."

"मिसळूनही?"

"चार तुकडे मिसळून. ते टाळलं तर सामनाच उरत नाही."

मी काय करून बसले ते मला तेव्हा कळलं. मी सांगितलं नसतं तर ती फवारणी झाली नसती. मी दाराची चौकट धरली. मी म्हटलं, "साहेब, फवारतील तर तेच ना. ते चार तुकडे..."

त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि खिडकीतून शेताकडे पाहत बसले. ओठ हलत होते, आकडेमोड चालली होती. मग एकदम म्हणाले, "दोन गट ते फवारतील. दोन गट मी."

"तुमी?"

"गटाचे पाचही तुकडे एकाच माणसानं फवारले तर माणसाचा फरक गटात जातो. औषधाला लागत नाही. गणितात काही बिघडत नाही." आपल्या घरचं लग्न ठरल्यासारखे ते खूश दिसत होते. "आधी सुचायला हवं होतं."

फवारणीच्या दिवशी ते रेघांच्या सदऱ्यात आले. पाठीवर पंप चढवला तेव्हा ते वाकलेच. आमच्या ह्यांनी पट्टा घट्ट करून दिला आणि म्हटलं, "साहेब, वाऱ्याकडं पाठ ठेवजा. आन् बोलू नका, तोंडात जाते."

"किती बोलतो मी?"

"आतालोक तीनदा बोलले."

मी बांधावर उभी होते. मुकादमानं हटकलं, मी हलले नाही. एका बाजूला हे, सवयीच्या पावलांनी. दुसऱ्या बाजूला साहेब, प्रत्येक सरीला थांबून घड्याळ पाहत. दोघांच्याही नाकाला नुसता रुमाल. एकेकट्या औषधाचे तुकडे झाले, निंबोळी झाली, पाणी झालं. मिश्रण त्यांनी शेवटी ठेवलं होतं. डबा उघडल्यावर तो वास बांधापर्यंत आला. मी उरलेल्या सऱ्या मोजत होते. चौदा, तेरा, बारा. सात. मला वाटत होतं मी मोजायची थांबले तर कोणीतरी पडेल.

हे आधी बाहेर आले. हात कापत होते, नेहमीइतकेच. त्यांनी साबण मागितला. साहेब आपला शेवटचा तुकडा पुरा करून आले, पंप उतरवला, वहीत वेळ लिहायला गेले आणि पेन्सिल पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. कपाळावर घामाचे थेंब, तोंडातून लाळ गळत होती. ते खाली बसले आणि बांधावरच ओकले. दोनदा, तीनदा. त्यांचे डोळे मी पाहिले. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या.

मी त्यांना हात लावला नव्हता कधी. त्या दिवशी डोकं धरलं. यांनी कापत्या हातांनीच त्यांचा सदरा काढला आणि पाणी ओतत राहिले. मुकादम गाडी आणायला पळाला.

साहेबांनी मला जवळ यायची खूण केली. मी वाकले. वाटलं घरी काही निरोप असेल. ते म्हणाले, "लिहा. आता दोन नोंदी झाल्या."

मूर्तिजापूरच्या दवाखान्यात ते दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मी किती वेळा देवाजवळ काय काय बोलले ते लिहीत नाही. माझ्या यांच्यासाठी मी एका परक्या माणसाच्या पाठीवर विष दिलं होतं. त्याला काही झालं असतं तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं? शमीमबी रोज विचारून यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली आणि म्हणाली, "बरा हाये. दवाखान्यातल्या बाईले विचारून राह्यला, सलाईन कोनाले देता आन् कोनाले नाही, चिठ्ठी टाकून देता काय."

दुसऱ्या वेचणीला साहेब काठी घेऊन आले. आम्हाला काही बजावलं नाही. फक्त मुकादमाला म्हणाले, "आज तुम्ही माझ्याजवळ बसायचं. ओट्यांकडे पाठ करून."

ती वेचणी मला सगळ्यात जड गेली. गोदा कोऱ्या तुकड्यात होती. तिची ओटी पोटाला चिकटलेली, आणि मी तिच्या शेजारून भरलेली ओटी घेऊन जात होते. हात आपोआप ओटीत गेला. मी तो तसाच बाहेर काढला, रिकामा. गोदानं पाहिलं. ती म्हणाली, "राहू दे वं. माही हलकीच बरी आज." आणि तरी तिचे डोळे भरले. कुंता तर रडतच वेचत होती. चार बायका एका शेतात आणि कोणी कोणाला ओंजळ देत नाही, असं आमच्यात कधी झालं नव्हतं.

तोलाईला गाठोडी कमीजास्त आली. साहेब प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते. पेन्सिल अजून थोडी हलत होती, म्हणून बेरजा त्यांनी मला करायला लावल्या. मला वजाबाकी नीट यायची नाही, ती ते तोंडी करत. मिश्रणाचा सामना आला तेव्हा त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. "एका पारड्यात मिश्रणाचे चार तुकडे. दुसऱ्यात एकेकट्या औषधांचे आठ. असा तोल खरा होईल?"

"नाही. आठ चारहून जास्तच भरतीन."

"मग?"

"मिश्रणाचं दुप्पट धरावं लागन."

ते हसले. त्यांना हसताना मी दोनतीनदाच पाहिलं.

उत्तर यायला दोन दिवस लागले. पाणी आणि बाकी सगळे, यांच्यातला फरक मोठा होता. म्हणजे हा प्रयोग आंधळा नव्हता. आणि मिश्रण विरुद्ध एकेकटी औषधं, यांच्यातला फरक एवढासा. एकच औषध मारलेले दोन तुकडे आपसात जेवढे वेगळे असतात, तेवढाही नाही.

"मंग नक्की झालं?" मी विचारलं.

"नक्की असं मी कधी म्हणत नाही. थोडा फायदा असेलही, या शेताला दिसला नसेल. शंभरात पाच वेळा चुकायची मुभा तर आम्ही आमच्या हिशोबात आधीच धरून ठेवतो."

माझ्या तोंडून निघून गेलं. एरवी मी त्यांच्यासमोर एवढं कधी बोलले नसते. "तुमच्यापाशी शंभर हायेत साहेब. माह्याजवळ एकच हाये."

त्यांनी चष्मा कपाळावर नेला नाही, वहीही उघडली नाही. माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनीच आधी मान खाली घातली.

अहवाल अमरावतीला गेला. त्याची एक प्रत भांडारात परत आली. टंकलेल्या पानांच्या शेवटी त्यांनी हातानं मराठीत एक ओळ लिहिली होती. 'फवारणारा माणूस हाही या प्रयोगात होता. त्याचं माप आम्ही घेतलं नाही. फक्त दोन नोंदी आहेत.' वरच्या कोणीतरी त्या ओळीवर लाल रेघ ओढली होती आणि बाजूला लिहिलं होतं, विषयाबाहेर. रेघेखालची अक्षरं नीट वाचता येत होती. मी पुन्हा पुन्हा वाचली.

उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. ते आम्हाला सांगून गेले नाहीत. एका सोमवारी गाडीतून दुसरे कोणी उतरले.

पुढच्या हंगामात फवारणीच्या पहिल्या दिवशी मी तुकड्यांच्या कोपऱ्यांवर खुणेच्या खुंट्या ठोकत होते. हे भांडारात गेले. भांडारवाल्यानं एकच बाटली काढून दिली.

"दुसरी?" यांनी विचारलं.

"बंद झाली. गावागावालेही आता एकच सांगतेत."

"काहून?"

"मले काय ठाऊक? वरून कागद आला."

हे माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू पोरीसारखी काहून रडून राहिली?"

मी म्हटलं, माती गेली डोळ्यात. हे पंप घेऊन शेतात उतरले. मी हातोडा खाली ठेवला, बांधावर जाऊन उभी राहिले आणि सऱ्या मोजायला लागले.